पाच वर्षांचा शिधा

गुरुवार, ५ फेब्रुवारी

वाटप संपल्यावर टपाल पाहिलं. विजेचं बिल, दोन जाहिराती आणि प्रतिष्ठानचं जाडजूड पाकीट. जाडजूड पाकीट दिसलं की मी ते सगळ्यात शेवटी फोडतो. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं मी आलेली पत्रं नोंदवून घेतली आणि गेलेली नोंदवून पाठवली. सगळं ऑफिस मला 'आवक-जावक' म्हणायचं. त्या अनुभवावरून सांगतो, चांगली बातमी एका पानात मावते. जाड पाकिटात अटी असतात.

यात दोन्ही निघालं. प्रतिष्ठान आजवर आमच्या शिधाघराला वर्षावर्षानं मदत देत आलं. दर वर्षी अर्ज, दर वर्षी धाकधूक. आता ते म्हणतात, हे बंद. ज्यांचं काम टिकेल असं वाटेल त्यांना पाच वर्षांचं अनुदान एकदम द्यायचं, बाकीच्यांना काही नाही. आमची चालू मदत एप्रिलअखेर संपते. अर्ज सहा मार्चच्या आत पोचला पाहिजे.

हे पाकीट दादाच्या हातात पडायला हवं होतं. माझा थोरला भाऊ कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होता. अकरा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला तेव्हा कोठारात धान्याची सहा पोती उरली होती. ती त्यानं मालकाला विचारून बाहेरच्या सायकल-स्टँडमध्ये मांडली आणि घरी बसलेल्या कामगारांना वाटली. पोती संपली, पण दादा थांबला नाही. आज त्याच सायकल-स्टँडमधून दर गुरुवारी एकशे चाळीस घरांना पिशवी जाते: तांदूळ, पीठ, डाळ, तेल, मीठ, साबण. दादा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून मुख्य काम माझ्याकडे आहे, म्हणजे कागदपत्रं. बाकीचं वहिनी बघतात. बाकीचं म्हणजे माल उतरवून घेणं, पिशव्या शिवणं, भरणं, लोकांशी बोलणं वगैरे.

पाच वर्षं मिळाली तर मी निवांत होईन. नाही मिळाली तर मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी लोक येतील आणि मी काय सांगू?

रविवार, ८ फेब्रुवारी

फॉर्म चार वेळा वाचला. चोवीस प्रश्न आहेत. नऊवर अडलो: लाभार्थ्यांची नोंद. आमच्याकडे नोंद नाहीच. कुणाचं नाव विचारायचं नाही, असं दादाचं होतं. येईल त्याला पिशवी द्यायची. हे ऐकायला छान वाटतं, पण पाच वर्षांची मदत देणारा माणूस पुरावा मागणारच. नोंदवही केली पाहिजे. नाव, पत्ता, ओळखपत्र, फोटो.

प्रश्न सतरा: सध्याची जबाबदार व्यक्ती उपलब्ध नसल्यास काम कोण पाहील? इथे लिहिलं, 'प्रश्न उद्भवत नाही.'

ही चहा घेऊन आली होती, खांद्यावरून वाचत उभी राहिली. म्हणाली, "का उद्भवत नाही? अमर आहात का तुम्ही?" मी म्हटलं, हे औपचारिक प्रश्न असतात, सगळ्या फॉर्मात असतात. ती म्हणाली, वहिनींना दाखवलात का फॉर्म? वहिनी शिवणकाम करणारी बाई, त्यांना यातलं काय कळणार, असं मी म्हटलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर आलं असावं. ही कप उचलून गेली. त्यातला चहा अजून अर्धा होता.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

वहिनींकडे जाऊन आलो. कुणाच्या तरी पॅन्टची उंची कमी करत बसल्या होत्या. नोंदवहीचं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाल्या, नाव विचारलं की माणूस आधी मागे वळून बघतो, भाऊजी, आणि मग पुढच्या वेळी येत नाही. मी त्यांना प्रतिष्ठानची बाजू समजावून दिली. दोरा तोडून त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं. कागदातलं मला कळत नाही."

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण कुणाजवळ बोलता येत नाही. काल वाटप संपल्यावर वहिनी एक भरलेली पिशवी घेऊन मागच्या बोळानं गेल्या. मागच्या गुरुवारीही गेल्या होत्या, तेव्हा मी मनावर घेतलं नाही. त्यांच्या घराची वाट त्या बोळातून जात नाही. दादाची पेन्शन नाही, शिवणाचं काम आज आहे उद्या नाही. घरी लागत असेल तर त्यांनी उघड घ्यावी, मी काही म्हणणार आहे का? पण पाहणीला कोणी आलं आणि हे त्यांच्या नजरेला पडलं तर काय?

विचारायला हवं. कसं विचारायचं?

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सूचना लावली. तीन मसुदे केले, तिसरा पक्का केला. 'शिधा घेणाऱ्या प्रत्येकाने नाव, पत्ता, ओळखपत्र व फोटो (दोन प्रती) यांसह नोंद करावी. नोंद नसल्यास पिशवी मिळणार नाही.' शेवटचं वाक्य जरा कडक आहे, पण त्याशिवाय लोक मनावर घेत नाहीत.

आज एकशे एकतीस आले. लोक सूचनेपुढे घोळका करून उभे होते. ज्यांना वाचता येतं ते बाकीच्यांना हळू आवाजात सांगत होते. माझ्याकडे कोणी काही विचारायला आलं नाही, म्हणजे मसुदा स्पष्ट आहे.

वहिनी आजही बोळातून गेल्या.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

काल चौऱ्याण्णव. टेबलाशी नोंदवायला आले एकोणतीस. बाकीच्यांना मी पुढच्या वेळेपर्यंत मुदत दिली.

रात्रभर... नाही, रात्रीचं लिहीत नाही, डॉक्टरांनी झोपेवर लक्ष द्या म्हटलंय. सकाळी उठल्यावर पहिला विचार हा आला: गरज कमी झाली की काय? लोकांना कामं लागली असतील, चांगलंच आहे. पण मग अर्जात एकशे चाळीस कसं लिहू? आणि चौऱ्याण्णव लिहिलं तर ते म्हणतील, यांचं काम उतरणीला लागलंय, यांना पाच वर्षं कशाला? लोकांची भूक कमी झाली म्हणून मला घाम फुटला. हे वाचून मलाच माझी लाज वाटते, पण खरं ते लिहायचं म्हणून तर ही वही आहे.

हिला आकडे सांगितले. तिनं फक्त विचारलं, सूचना कधी लावलीत? मी म्हटलं, एकोणीसला. ती म्हणाली, बरं.

गुरुवार, ५ मार्च

अर्ज काल स्वतः प्रतिष्ठानच्या ऑफिसात नेऊन दिला, पोच घेतली. पोच पाकिटात आहे, पाकीट कपाटात. आज तीनदा उघडून पाहिलं.

एकसष्ट जण. शिवाय मुदत संपल्यामुळे नोंद नसलेल्या सात जणांना परत पाठवावं लागलं. एक म्हातारा माळी होता. त्यानं टोपी नीट केली आणि तो गेला. वहिनी तेव्हा पीठ मोजत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

वाटपाआधी मी धीर करून बोललो होतो. म्हटलं, वहिनी, आता सगळं कागदावर आलंय, यापुढे बिननोंदीची एकही पिशवी बाहेर जायला नको. एकही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं, भाऊजी."

आज त्या रिकाम्या हातानं घरी गेल्या. सुटलो एकदाचा, असं वाटलं. मग हिनं वाढलेलं अर्धं जेवण ताटातच उरलं.

सोमवार, १६ मार्च

पत्र आलं, एका पानाचं. २६ तारखेला, वाटपाच्या दिवशी, प्रतिष्ठानच्या बाई पाहणीला येणार. पहिली चाळणी पार झाली! निम्म्याहून अधिक अर्ज बाद झालेत म्हणे.

गेल्या गुरुवारी मात्र अठ्ठेचाळीसच आले होते. २६ ला रांग दिसलीच पाहिजे. १९ ला सगळ्यांना बजावून सांगणार, की पाहणी आहे, नक्की या, फोटो घेऊन या.

बुधवार, २५ मार्च

सायकल-स्टँड झाडून घेतला. टायरचा वास अकरा वर्षांत गेलेला नाही, तो काही आज जाणार नव्हता. पत्र्याच्या भोकांना डांबर लावलं. नोंदवहीला कव्हर घातलं. छातीत धडधडतंय. ती ॲसिडिटी आहे.

ही म्हणाली, वहिनी किती वाळल्यात, पाहिलंत का? मी म्हटलं, उन्हाळा लागलाय, सगळेच वाळतात.

गुरुवार, २६ मार्च

जे झालं ते क्रमानं लिहितो.

बाई साडेनऊलाच आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, हातात लहानशी वही, चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांना नोंदवही दाखवली. त्यांनी पानं उलटली, पण बघत होत्या फाटकाकडे. दहा वाजले. सव्वादहाला एक जण आला. अकरापर्यंत अकरा. पिशव्या एकशे चाळीस भरून ठेवल्या होत्या, भिंतीला लावून, दोन थर. त्यांच्याकडे बघवेना.

मी वहिनींना बाजूला घेतलं. जे सुचलं ते बोललो. म्हटलं, पलीकडच्या धुलाईच्या दुकानातली माणसं ओळखीची आहेत, पंधरा-वीस जणांना तासभर रांगेत उभं करू, पिशव्या नंतर परत घेऊ.

वहिनी माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेल्या नाहीत. आजही चढवला नाही. म्हणाल्या, "भाऊजी, यांच्या जागेत हे व्हायचं नाही."

मग त्या सरळ बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लोक आलेले नाहीत, का आलेले नाहीत ते मला ठाऊक आहे. चालायची तयारी असेल तर माणसं दाखवते. बाईंनी वही बंद केली आणि उठल्या.

हातगाडीवर पिशव्या चढवल्या. ढकलायला मी. पुढे वहिनी आणि बाई, मागे मी, घामाघूम. वहिनींनी कुठे पत्ता विचारला नाही. या जिन्याखाली, त्या गॅरेजच्या मागे, इथे दार वाजवायचं नाही कारण रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो, पिशवी खिडकीत ठेवायची. मी एकसष्ट पत्ते गोळा केले होते. त्यातला एकही दरवाजा मी पाहिलेला नव्हता.

एका खोलीचं दार अर्धं उघडलं आणि बाईंच्या हातातली वही दिसताच बंद झालं. वहिनी दाराशी वाकून म्हणाल्या, अगं, मीच आहे, जुळ्यांचा खोकला कसा आहे? दार उघडलं. दोन्ही पोरं आईच्या पायांना चिकटून उभी. ती बाईंना म्हणाली, आमचा फोटो नको. शिधा आणतो हे घरमालकाला कळलं तर खोली सोडायला लावेल, त्याला असले भाडेकरू नको असतात.

"कसले फोटो?" बाईंनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बोट केलं.

मी सांगितलं, प्रश्न क्रमांक नऊ, लाभार्थ्यांची नोंद. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही फोटो कधी मागितले?"

गाडीची मूठ घट्ट धरली एवढं आठवतं.

शेवटी एका तीन मजली जुन्या इमारतीपाशी आलो. मागचा बोळ तिथेच येऊन मिळतो, हे माझ्या लक्षात आलं. वहिनींनी एक पिशवी उचलली आणि म्हणाल्या, इथे मी एकटी जाते, तुम्ही दोघं थांबा. बाई थांबल्या. मी नाही थांबलो. मनात म्हटलं, पिशवी कुठे जाते ते आज कळेल. दोन मिनिटं जाऊ दिली आणि पाठोपाठ जिना चढलो. हे लिहायला हात तयार नाही, पण मी चोर पकडायला चाललो होतो.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. आत मोठे साहेब.

पाणीपुरवठा खात्यात माझ्यावर अकरा वर्षं साहेब होते ते. त्यांच्या बुटांचा आवाज आला की आम्ही खुर्चीत सरळ व्हायचो. तारखेतल्या एका चुकीसाठी त्यांनी मला अख्खी फाइल पुन्हा लिहायला लावली होती. इस्त्रीचा शर्ट आजही अंगात होता, पण तो शर्ट त्यांच्यापेक्षा दोन माप मोठा झाला होता. खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह. वहिनी पिशवी खाली ठेवत होत्या. मला पाहून त्यांनी डोळे मिटले.

साहेबांनी चष्मा लावला. "आवक-जावक ना?"

"होय, साहेब."

"बसा. खुर्ची एकच आहे, पण बसा."

मी बसलो. उभे राहिलेल्या साहेबांसमोर मी बसलो, असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, बाईसाहेब चार वर्षं शुश्रूषागृहात आहेत, पेन्शन तिकडे जाते, घर केव्हाच गेलं. हे सगळं त्यांनी एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तसं सांगितलं. मग विचारलं, सायकल-स्टँडवरची सूचना तुमची का? मी हो म्हटलं.

"वाचली मी. संध्याकाळी, कोणी नसताना. मसुदा स्वच्छ आहे. 'दोन प्रती' कंसात टाकलंत, तेही बरोबर." मग म्हणाले, "फक्त मला काही येता आलं नसतं."

खिळ्याला आणखी एक पिशवी दिसली, आमची नव्हे. चौकड्यांची होती, वहिनी स्वतःच्या घरचं वाणसामान आणायला वापरतात ती. तळाशी थोडे तांदूळ होते. ती तिथे कशी, ते विचारायचं राहून गेलं.

जिना उतरताना वहिनी म्हणाल्या, तुमच्या समोर यायला लागू नये एवढंच त्यांनी मागितलं होतं. यांनी शब्द दिला होता. यांच्यामागे मी पाळला.

बाईंनी खाली काही विचारलं नाही. जाताना वहिनींशी बराच वेळ बोलल्या. मला फक्त म्हणाल्या, कळवू.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, चौकड्यांच्या पिशवीचंही. तिनं हातातली ताटली खाली ठेवली, उरलेलं जेवण आणि डब्यातलं पीठ-तांदूळ बांधलं आणि चपला घातल्या. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, वहिनींकडे. मी म्हटलं, थांब, मीही येतो.

"तुम्ही डायरी लिहा," ती म्हणाली.

शुक्रवार, २७ मार्च

सकाळी पहिलं काम, सूचना काढली. डिंक चांगला होता, खरवडून काढावी लागली.

मग अर्जाची प्रत काढून पाहिली. प्रश्न नऊ: लाभार्थ्यांची नोंद (असल्यास). असल्यास! कंसात, बारीक अक्षरात, पण आहे. एकतीस वर्षं कागद वाचून पोट भरलं आणि हा एक शब्द मी चार वेळा वाचूनही वाचला नाही. पुढे लिहिलंय, 'नसल्यास अंदाजे संख्या चालेल.'

गुरुवार, २ एप्रिल

नोंदवही आज टेबलावर ठेवली नाही. वहिनी मंगळवारपासून घरोघरी सांगून आल्या होत्या. सत्तर आले. माळी आला नाही. तो कुठे राहतो ते वहिनींनाही ठाऊक नाही. त्यांना ठाऊक नसलेला तो एकटाच निघावा आणि त्यालाच मी परत पाठवावं.

साहेबांची पिशवी वहिनी घेऊन गेल्या. मी दुसरीकडे बघत राहिलो. आता या दुसरीकडे बघण्याचा अर्थ वेगळा आहे, एवढंच.

बुधवार, ८ एप्रिल

बाईंचा फोन. त्यांनी २६ तारखेचा विषय काढलाच नाही. म्हणाल्या, विश्वस्तांची बैठक वीस तारखेला आहे, तुमच्या अर्जात सतरा नंबरचं उत्तर नाही. मी म्हटलं, आहे, 'प्रश्न उद्भवत नाही'. त्या म्हणाल्या, तुमचं वय अर्जात सहासष्ट लिहिलंय. आम्ही पाच वर्षं देतो ती कामाला देतो. नाव नसेल तर अर्ज बैठकीपुढे ठेवता येणार नाही. मंगळवारपर्यंत पाठवा.

दिवसभर नावं काढत बसलो. दादाचा मुलगा परगावी, त्याला त्याची नोकरी. बेकरीवाला मदत करतो, पण त्याला स्वतःचा धंदा. माझं पेन्शनर मित्रमंडळ, त्यात मीच सगळ्यात लहान. संध्याकाळी हिला म्हटलं, या गावात एक लायक माणूस नाही. ती हसायला लागली. बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, २६ ला गाडीच्या पुढे कोण चाललं होतं?"

शनिवार, ११ एप्रिल

तीन दिवस लागले मला, हेही लिहून ठेवतो. मान्य करायला एक दिवस आणि आवडायला दोन. खरं तर अजून पूर्ण आवडलेलं नाही. दादा गेल्यावर शिधाघर माझ्याकडे आलं असं मी धरून चाललो होतो. कुणी दिलं होतं? कुणीच नाही. कागद माझ्याकडे होते, म्हणून.

वहिनींकडे गेलो. त्या नाही म्हणाल्या. सरळ नाही. म्हणाल्या, "मला फॉर्म भरता येत नाहीत, भाऊजी. दोन ओळी लिहायच्या तर हात थरथरतो."

"फॉर्म मी भरीन. तुम्ही सांगाल तसे."

"आणि तुम्ही नसलात तर?"

म्हणजे सतरा नंबरचा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. मी म्हटलं, जुळ्यांच्या आईला लिहिता-वाचता येतं, अक्षर चांगलं आहे, तिला आत्तापासून शिकवीन. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, माझी एक अट आहे, आठवड्यातून एकदा तुम्ही माझ्याबरोबर गाडी घेऊन फिरायचं. टेबल सुटल्याशिवाय तुम्हाला कोणी दिसायचं नाही.

मी कबूल केलं. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पिशवीच्या संशयाची. सुरुवातही केली. त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाल्या, मला ठाऊक होतं. तुमचा चेहरा काही लपवत नाही.

घरी येऊन लिहिलं: सध्याची जबाबदार व्यक्ती, वहिनी. 'सध्याची नसल्यास' असं नव्हे, सध्याचीच. माझं नाव खाली, कागदपत्रांसाठी.

गुरुवार, २३ एप्रिल

बैठक वीसला झाली. आज तेवीस. पत्र नाही, फोन नाही. एकशे दोन आले. कोठारात आता पुढच्या गुरुवारपुरता माल आहे. धान्याच्या दुकानदारानं विचारलं, मे महिन्याचं सांगताय ना? मी म्हटलं, चार दिवस थांबा. तो म्हणाला, थांबतो, पण माल थांबत नाही.

लोकांना आधी सांगावं का? वहिनी म्हणतात, एक गुरुवार तरी निर्धास्त जेवू देत. मी पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभा राहतो. तो आता मला पाहून सायकलचा वेग वाढवतो.

गुरुवार, ३० एप्रिल

आज चालू मदतीचा शेवटचा दिवस. पोस्टमन वाटपाच्या ऐन गर्दीत आला. पाकीट पातळ होतं. मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, तुमच्या नावावर नाही. वहिनींच्या नावावर होतं.

एकतीस वर्षं ऑफिसात आणि नंतर इथे, आलेलं पाकीट मी फोडत आलो. आज ते हातात घेऊन रांगेच्या पुढच्या टोकाला नेऊन दिलं. चरचरलं आत, खोटं कशाला लिहू. वहिनींनी पिठाचे हात पुसले, पाकीट फोडलं, कागद बघितला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, हळू वाचा, लोक ऐकतायत.

पाच वर्षं नाहीत. तीन. तीन वर्षांनी पुन्हा पाहणी, त्यात समाधान झालं तर पुढची दोन. वहिनींना दरमहा मानधन, त्यांना हे माहीतच नव्हतं, मी सतरा नंबरच्या उत्तरासोबत मागितलं होतं. मी वाचत होतो आणि डोक्यात फक्त 'तीन' घुमत होतं, तीन म्हणजे पाच नव्हे, तीन वर्षांनी मी एकोणसत्तर, तेव्हा काय? वहिनी म्हणाल्या, "पुढचा गुरुवार आहे ना त्यात?" मी म्हटलं, आहे. "मग ते पीठ इकडे सरकवा."

जुळ्यांची आई पाठकोऱ्या कागदावर मालाची यादी करत होती, तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे. मला टेबलावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून मी उठून फाटकाशी गेलो.

तिथे एक माणूस उभा होता. चाळिशीचा, कारकुनासारखा, खिशाला पेन. कधी न पाहिलेला. आत बघत होता, मग रस्त्याकडे बघत होता. मला पाहून घड्याळ बघितलं, जसं काही तो कुणाची वाट पाहत होता. मी त्याला ओळखलं. म्हणजे नाव-गाव नव्हे. इतके दिवस मी या फाटकाशी पोस्टमनसाठी नव्हे, माणसांसाठी उभा राहिलो असतो तर असे किती ओळखले असते.

मी म्हटलं, "आत या. आज पीठ चांगलं आलंय."

तो म्हणाला, मी सहज बघत होतो. मी म्हटलं, हो, सहजच या. त्याच्याकडे पिशवी नव्हती. मी आमच्यातली एक घेतली आणि स्वतः भरायला लागलो, पहिल्यांदाच. तांदूळ थोडे सांडले. तो शेजारी उभा राहून सांडलेले दाणे एकेक करून उचलत होता. मी नाव विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पिशवी घेऊन तो गेला, फाटकाबाहेर पडल्यावर जरा भराभर.

वहिनी लांबून बघत होत्या. रांग संपल्यावर जवळ आल्या.

"भाऊजी, तेल दोनदा घातलंत."

"खरंच?"

"असू दे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा आलाय."